तेहतीस इंचांचा ओटा

"इथे पाय ठेवायला जागा नाही, आणि म्हणे तीन बेडरूमचं घर!" माझ्या गिऱ्हाइकांच्या सासूबाई माझ्या खांद्याशी पुटपुटल्या.

"काकू, ही लिफ्ट आहे. घर वर आहे."

"ते कळतं हो मला. पण सुरुवातच अशी, तर पुढे काय!"

लिफ्टमध्ये आम्ही सहाजण होतो. सासूबाई, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना आणि मी, घरं दाखवणारी एजंटबाई. दोघे मुलगे माना एकाच बाजूला कलती करून उभे होते. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसे चेहरे करून ते लिफ्टचा आवाज ऐकत होते.

"रोलर घासतोय," धाकटा म्हणाला.

"तिसऱ्या मजल्यापासून," मोठा म्हणाला.

दोघे वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतात. सातव्या मजल्यावर दार उघडलं तसं सासूबाईंनी पाऊल उचललं, पण मोठ्याने हात आडवा धरला, खाली वाकून लिफ्टची फरशी आणि बाहेरची फरशी एका रेषेत आहे का ते पाहिलं, आणि मगच आईला सोडलं. "पाच मिलिमीटरचा फरक आहे," तो म्हणाला. कुणी घरच्या माणसाचा ताप सांगावा, तशा आवाजात.

घर चांगलं होतं. मी उगाच चांगलं म्हणत नाही. मी ज्याला 'मोकळं' म्हणते ते घर खरंच मोकळं असतं आणि ज्याला 'आटोपशीर' म्हणते त्यात कपाट आणि माणूस एकाच वेळी मावत नाहीत, हे माझ्या गिऱ्हाइकांना एव्हाना पाठ झालंय. हे मोकळं होतं. तीन बेडरूम, दोन्ही बाजूंनी हवा, बाल्कनीत दोन खुर्च्या ठेवूनही वाट उरेल एवढी जागा.

दोघी जावा स्वयंपाकघरात गेल्या. थोरली बुटकी, गोल चेहऱ्याची, कमी बोलणारी. धाकटी उंच, शिडशिडीत, सतत बोलणारी. त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि मोठ्याने खिशातून मोजपट्टी काढली. मी डोळे मिटले. गेल्या अकरा महिन्यांत हे मी सव्वीस वेळा पाहिलं होतं.

"चौतीस," मोठा म्हणाला.

"तेहतीस हवा," धाकटा म्हणाला.

"ताई, तुम्हाला उंच पडेल," धाकटी म्हणाली.

"मला काय, मी करेन. पण तुला खाली वाकावं लागेल," थोरली म्हणाली.

"मला नाही हो लागत."

"मलाही नाही."

आणि तिथे ते घर संपलं.

"अहो, ओटा फोडून नवा घालता येतो!" मी सत्ताविसाव्यांदा म्हटलं. "गवंडी चार दिवसांत करून देतो. घर एवढं मोठं आणि तुम्ही एका इंचावर अडताय?"

"एजंटबाई," मोठा गंभीरपणे म्हणाला, "आमच्या कामात एका इंचात माणसाचा पाय मोडतो."

मी कपाळाला हात लावला आणि खिडक्या लावून घेतल्या.

माझं शिक्षण म्हणाल तर बेताचंच. हे काम मला कुणी शिकवलं नाही. नवऱ्याच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात बसायचे, तिथे लोक यायचे, विचारायचे, "इथे जवळपास जागा आहे का हो कुठे?" मी सांगायचे. दहा-बारा वर्षं फुकट सांगितल्यावर डोक्यात प्रकाश पडला की याचे पैसे घेणारी माणसं असतात. मग दुकानाच्या बाहेर पाटी लावली आणि एक जाड डायरी केली.

तेव्हापासून शिकले ते सगळं इमारतींच्या जिन्यांवर. घर बघायला जाल तेव्हा एकदा सकाळी जा आणि एकदा माणसं कामावरून परततात तेव्हा जा. तेच घर दोन वेगळी घरं दिसतात. बेसिनखालचं कपाट उघडा, कारण भिंतीला रंग सगळेच देतात, तिथे कुणी देत नाही. शेजाऱ्याला 'इमारत कशी आहे' असं विचारू नका, तो 'छान' म्हणणार. 'शेवटचं पाणी कधी गेलं होतं' असं विचारा, मग बसा ऐकत. कर्ज किती मिळतंय ते बँकेकडून आधी लिहून घ्या, मगच कुठल्या बाल्कनीच्या प्रेमात पडा. आणि कागद. पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंत एकही कागद गाळलेला नको, मालक कितीही गोड बोलला तरी. गोड बोलणाऱ्याचे तर दोनदा बघा.

या दोघा भावांकडून मी त्यात एकाची भर घातली: आधी लिफ्टची नोंदवही बघा. दर महिन्याला तपासणीची सही असेल तर त्या इमारतीतली माणसं एकमेकांशी बोलतात. नसेल, तर छप्पर गळेपर्यंत कुणी कुणाच्या दाराची कडी वाजवणार नाही.

बाजाराचं म्हणाल, तर त्या वर्षी बाजार विचित्र होता. सगळ्यांना मोठी घरं हवी होती. घरून काम करायचंय, एक खोली जास्त हवी, पोरांना अभ्यासाला हवी. त्यामुळे तीन बेडरूमचं घर बाजारात आलं की आठवड्यात उठायचं, आणि मालक भाव सांगताना खुर्चीत जरा जास्तच मागे रेलायचे. उलट जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींतली छोटी घरं महिनोन् महिने तशीच पडून. सुरुवातीला ताठ असणारे मालक सहा महिन्यांनी फोन करून विचारायचे, "बाई, कुणी येतंय का हो बघायला?" असा आवाज ऐकला की समजावं, आता बोलणी होऊ शकतात.

आमच्या या मंडळींना घाई होती. ते राहत होते ती भाड्याची जागा मालकाने विकली होती आणि दहा आठवड्यांत रिकामी करून द्यायची होती. चौदा वर्षं एकत्र राहिलेलं कुटुंब. दोन भाऊ, दोघी जावा, सासूबाई आणि दोन्हीकडची एकेक शाळकरी पोरगी. दोघा भावांनी मिळून पैसे साठवलेले, दोघांच्या नावावर मिळून कर्ज मंजूर. फक्त घर मिळत नव्हतं.

बुधवारी मोठ्याचा फोन आला.

"एजंटबाई, सातव्या मजल्याचं पक्कं करू. शनिवारी विसार देतो. ओट्याचं बघू काहीतरी."

"अभिनंदन!" मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. घर ठरवलेल्या माणसाचं 'हं' मला माहीत आहे; त्यात पोटातला धसका असतो, पण खाली कुठेतरी गुदगुल्या असतात. याच्या 'हं'मध्ये फक्त धसका होता.

गुरुवारी कागदांच्या प्रती घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. दरवेळी ते दुकानात यायचे किंवा आम्ही परभारे इमारतीखाली भेटायचो. गिऱ्हाईक आत्ता राहतं ते घर आधी बघावं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती चूक माझी, मान्य.

धाकटी दार उघडून म्हणाली, "या, या, चहा टाकतेच आहे," आणि मला थेट स्वयंपाकघरातच नेलं. थोरली कांदा चिरत होती. ओट्याखाली एक लाकडी खोकं होतं, लिफ्टच्या सुट्या भागांचं असावं, त्यावर कुठल्याशा कंपनीचे अर्धवट पुसलेले आकडे होते. थोरली त्या खोक्यावर उभी होती. धाकटी शेगडीपाशी आली, की थोरली खाली उतरून खोकं पायाने सरकवायची. धाकटी चहाकडे वाकायची, कमरेत चांगली दुमडून, एक हात मागे पाठीवर. ती बाजूला झाली की खोकं परत जागेवर, थोरली परत वर. दोघींचं एकमेकींकडे लक्षही नव्हतं. इतकं सवयीचं होतं ते. चौदा वर्षांत ते खोकं फरशीवर किती मैल चाललं असेल, कोण जाणे.

"हा ओटा कुणी घातला?" मी विचारलं.

"यांनीच!" धाकटी कौतुकाने म्हणाली. "दोघा भावांनी. माझं लग्न झालं त्याच वर्षी. आधीचा मोडका होता. दादांनी आमची दोघींची उंची मोजून हिशोब केला."

"कसला हिशोब?"

तेवढ्यात मोठा कागद घेऊन आत आला. त्याने अभिमानाने सांगितलं, "हिला तीस इंच बरोबर पडतो. वहिनीला..." तो थांबला, धाकटीकडे बघून हसला, "मी धाकटीलाही वहिनीच म्हणतो, मान म्हणून. तर वहिनीला छत्तीस. मग मी मधला काढला. तेहतीस. कुणावर अन्याय नको."

मी चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. एवढा बारकाईने काम करणारा माणूस. लिफ्टच्या दोन फरशांमधला पाच मिलिमीटरचा फरक त्याला झोपेतही दिसतो. आणि त्याने दोन बायकांच्या मधोमध असा एक ओटा बांधला होता, जो दोघींपैकी कुणाचाच नव्हता. वर तोच आकडा खिशात घेऊन तो सत्तावीस घरं नाकारत फिरला होता.

थोरली कांदा चिरत होती. धाकटी कपबशा मांडत होती. दोघी गप्प. धाकटी गप्प, म्हणजे बघा!

सासूबाईंनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "एजंटबाई, इकडे या, तिथे चौथ्या माणसाला उभं राहायला जागा नाही."

मी निघाले तेव्हा मोठा जिन्यापर्यंत सोडायला आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही कधी दोन घरांचा विचार नाही केला?"

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला आई विकायला सांगितली होती.

"आमचे वडील आणि काका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "एका घरात वाढले. मग भिंत घातली. मग भिंतीवरून भांडले. मग बोलणं बंद. वडील गेले तेव्हा काका पलीकडेच होते, एक पाच पावलांवर. आले नाहीत. माझं लग्न होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आईला शब्द दिलाय मी. हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही, बाई. तुम्हीही काढू नका."

"नाही काढत," मी म्हटलं.

पण घरी जाऊन डायरी काढली.

खोटं कशाला बोला, आधी एक अख्खा दिवस मी माझंच गणित करत बसले. सातव्या मजल्याचा व्यवहार झाला तर माझं कमिशन चांगलं होतं. शनिवार तोंडावर आलेला. गिऱ्हाईक स्वतः हो म्हणतंय. कुणाच्या घरातल्या ओट्याशी माझं काय देणंघेणं? पण इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. जे गिऱ्हाईक घर नाकारायला अशी खोट काढतं, की जी चार दिवसांत दुरुस्त होईल, त्याची खोट घरात नसते. तो दुसरंच काहीतरी नाकारत असतो आणि त्याला ते तोंडाने म्हणता येत नाही. अशा माणसाने वीस वर्षांच्या कर्जावर सही केली, तर तो वीस वर्षं ते म्हणणार नाही.

डायरीत मागे, आठ महिन्यांपूर्वीच्या पानांवर, दोन घरं होती. एकाच जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, समोरासमोर. एक बेडरूमचं एक आणि दोन बेडरूमचं एक. लिफ्ट नाही म्हणून कुणी बघायलाही येत नव्हतं. एक घर निवृत्त परिचारिकेचं, ती मुलीकडे राहायला गेलेली. दुसरं एका सुताराच्या मुलांचं. दोन्ही मालक आता फोनवर नरम आवाजात बोलत होते. कागद मी स्वतः तपासले होते, पहिल्या पानापासून. दोन्ही मिळून किंमत सातव्या मजल्यापेक्षा कमी. मी ती घरं यांना दाखवली नव्हती, कारण पहिल्या दिवशी मी डायरीत लिहिलं होतं: 'तीन बेडरूम, एकत्र कुटुंब'. ते त्यांनी सांगितलं होतं, मी लिहून घेतलं होतं. विचारलं मात्र काहीच नव्हतं.

शनिवारी सकाळी सगळे दुकानाशी जमले. मोठ्याच्या हातात पाकीट, अंगावरचे कपडे इस्त्रीचे, चेहरे परीक्षेला निघाल्यासारखे.

"रस्त्यातच एक काम आहे माझं," मी म्हटलं. "दोन घरांना हवा द्यायची आहे, बंद पडून आहेत. पाच मिनिटं वर याल? काकूंना खाली उभं ठेवून काय करायचं?"

"लिफ्ट?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

"वा!" दोघे भाऊ एकदम म्हणाले. इतकी वर्षं लिफ्टच्या आत हात घातलेल्या माणसांना जिन्याचं किती कौतुक असतं, ते मला तेव्हा कळलं.

सासूबाईंनी पायऱ्या मोजल्या. "अठरा. मधे टेकायला जागा आहे. त्या तुमच्या सातव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली, तर मी स्वर्गातच गेले असते थेट."

"आई, आमच्या हातची लिफ्ट बंद पडत नाही," धाकटा म्हणाला.

"हो ना? आपल्या मावशीच्या इमारतीतली कुणाच्या हातची होती?"

मी दोन्ही दारं उघडली. मधल्या जागेत परिचारिकेची एक वेताची खुर्ची होती, तिच्यावर सासूबाई बसल्या, एक दार डावीकडे, एक उजवीकडे. मी खिडक्या उघडायला आत गेले. मुद्दाम सावकाश उघडल्या.

जावा सवयीने आत शिरल्या. मी काही सांगितलं नव्हतं. धाकटी बोलत बोलत सुताराच्या घरात गेली, थोरली परिचारिकेच्या. पहिली दोन मिनिटं नुसते आवाज येत होते.

"ताई, इथे खिडकी ओट्यावरच आहे!"

"इथे बाजूला आहे!"

"उजेड?"

"भरपूर!"

मग आवाज थांबले. मी परिचारिकेच्या स्वयंपाकघराच्या दारात आले. ती परिचारिका माझ्याही खांद्याला लागायची. तिने ओटा आपल्या मापाने घालून घेतला होता. थोरली त्याच्यापुढे उभी होती. दोन्ही तळवे तिने दगडावर सपाट ठेवले होते. खांदे खाली आले होते. तिचे खांदे एरवी कानांशी असतात, हे मला ते खाली आलेले पाहिल्यावर कळलं.

पलीकडे धाकटी दिसत होती, दोन उघड्या दारांमधून. सुतार उंच होता, त्याने स्वतःच्या हाताने ओटा केला होता. ती त्याच्यापुढे सरळ उभी होती, ताठ, आणि तिचा हात मागे पाठीवर गेलेला नव्हता.

मोठा मोजपट्टी घेऊन आधी इकडे आला. मोजलं. मग तिकडे गेला. मोजलं. मधल्या जागेत आईच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"तीस," तो म्हणाला. "आणि तिकडे साडेपस्तीस."

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"म्हणजे बसत नाही." त्याने पट्टी गुंडाळायला घेतली, पण ती बोटांतून सुटून परत बाहेर आली. "तेहतीस कुठलाच नाही."

धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. धाकटा भाऊ दाराच्या बिजागऱ्या तपासू लागला. त्यांना काही झालेलं नव्हतं. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत होत्या. माझ्या मनात आलं, आता बोलावं. आयत्या वेळी माघार घेतली. हे माझं घर नव्हतं. दार उघडण्यापर्यंत माझं काम, ते झालं होतं.

"चला," मोठा म्हणाला, "सातव्या मजल्याचे मालक वाट बघत असतील. अकराला बोलावलंय." त्याने खिशातलं पाकीट चाचपलं. "चल गं. येतेस ना?"

थोरली ओट्यापाशीच उभी. तळवे तसेच दगडावर.

"ताई?" पलीकडून धाकटी. आवाज नेहमीसारखा नव्हता. "काय झालं?"

"थांब जरा," थोरली म्हणाली.

चौदा वर्षांत तिने 'थांब' म्हटल्याचं बहुधा कुणाला आठवत नसावं, कारण सगळेच थांबले. ती बाहेर आली नाही. तिथूनच बोलली, नवऱ्याकडे न बघता, समोरच्या दारातल्या जावेकडे बघत.

"तुझी पाठ दुखते. रात्री तू तेल लावतेस, मला वास येतो. मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर पुढचं बोलावं लागलं असतं. आणि मी त्या खोक्यावरून दोनदा पडले, तेही तुला माहीत आहे."

"तीनदा," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी तिसऱ्या वेळी बाहेरूनच परत गेले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"बघा," थोरली म्हणाली. आता ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढला नाही, उलट खाली आला, रोज रात्री दिवे मालवायच्या आधी बोलावं तसा. "मामंजी आणि काका भिंतीमुळे नाही भांडले हो. मनातलं न बोलता एकत्र राहिले, म्हणून भांडले. मी या घरात आले तेव्हा ते दोघं एकाच पंगतीला जेवत होते, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तुम्ही भिंत धरून बसलात. मी ते जेवण बघितलंय."

"खरं आहे ते," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, पदर सोडून.

मोठ्याने आईकडे पाहिलं, मग भावाकडे. भावाने बिजागरीवरचा हात काढला.

"मग काय करायचं म्हणतेस?" मोठ्याने विचारलं.

थोरलीने श्वास घेतला.

"आम्हाला दोन घरं हवीत," ती म्हणाली. "हिला एक. मला एक. दारं दिवसभर उघडी राहोत, पोरी इकडून तिकडे धावोत, आई वाटेल तिथे जेवोत. पण घरं दोन हवीत. मला हिच्याशी आयुष्यभर चांगलं राहायचंय, म्हणून मला हिच्यापासून वेगळं राहायचंय."